एकोणचाळीस मिनिटं येणे

मराठी समीक्षकांनी आजवर कशाची समीक्षा केली नाही? कादंबऱ्यांची केली, नाटकांची केली, एकमेकांच्या समीक्षेची तर फारच केली. पण जी कोट्यवधी लोकांच्या टेबलावर आणि खिशात पडून आहे, त्या यादीबद्दल कुणी चार ओळी लिहिल्याचं माझ्या वाचनात नाही. ही यादी म्हणजे कॉम्प्युटरच्या घड्याळातली टाइम झोनची यादी. आता आम्ही पडलो बी. कॉम. साहित्याशी आमचा संबंध पासबुकावरच्या नाव-पत्त्यापुरता. पण यादी म्हटली की बँकेतल्या माणसाचा हात शिवशिवतो, त्याला इलाज नाही.

आधी बाह्यांग पाहू. पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळावर माऊसचं उजवं बटण दाबलं की सेटिंगचं पान उघडतं. वर दोन खटके. पहिला म्हणतो, 'वेळ मी आपोआप लावतो.' दुसरा म्हणतो, 'तुम्ही कुठं आहात तेही मीच ठरवतो.' थोडक्यात, आमच्या हेड ऑफिससारखं! सूचना मागवायच्या, पण निर्णय आधीच झालेला. दुसरा खटका बंद केला की मग यादी हाती लागते. ती ग्रिनिचच्या बारा तास मागून सुरू होते आणि चौदा तास पुढं जाऊन थांबते. मधे आपली साडेपाच तासांची ओळ: चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली. क्रम इंग्रजी वर्णमालेचा, म्हणून मुंबई तिसरी. पण दिल्ली रांगेत सर्वांत शेवटी निमूट उभी आहे, हे दृश्य दुसरीकडे कुठं पाहायला मिळणार? श्रीलंकेचीही वेळ साडेपाचच, पण चूल वेगळी. नेपाळ आपल्या पुढं पंधरा मिनिटं.

पात्ररचना झकास आहे. ऑस्ट्रेलियाचं लॉर्ड हाउ नावाचं एक बेट उन्हाळ्यात घड्याळ पुढं करतं, पण इतरांसारखं तासभर नव्हे, अर्धाच तास. सामोआ या देशानं २०११ साली वाररेषेची बाजू बदलली आणि ३० डिसेंबरचा अख्खा शुक्रवार गाळून टाकला. गुरुवारी रात्री झोपलेली माणसं शनिवारी उठली. तिथल्या बँकवाल्यांनी त्या दिवसाच्या व्याजाचं काय केलं असेल, या विचारानं मला अजून कधीकधी झोप लागत नाही.

फोनांत आणि इतर पुष्कळ यंत्रांत हीच यादी जरा निराळ्या अवतारात असते. आर्थर डेव्हिड ओल्सन या अमेरिकन गृहस्थांनी ती १९८० च्या दशकात सुरू केली. पुढं पॉल एगर्ट यांनी सांभाळली. जगातली सरकारं मनाला येईल तशी घड्याळं मागंपुढं करतात, आणि ही मंडळी त्याची इमानेइतबारे नोंद ठेवतात. या नोंदींना मी कारकुनी मुजरा करतो. पण त्या यादीत भारताच्या नावे एकच खातं आहे, 'एशिया/कोलकाता'. मुंबईचं नाव तिथं तिसरंसुद्धा नाही.

कारण विचाराल, तर नियम. ज्या भागातली घड्याळं १९७० पासून एकसारखी चालत आली, त्या भागाला एक खातं. १९७० च का? तर पुष्कळशी यंत्रं वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७० च्या ग्रिनिचच्या मध्यरात्रीपासून किती सेकंद झाले, अशी. आपण झोन बदलतो तेव्हा आतले सेकंद तेच राहतात, फक्त दर्शनी आकडा बदलतो. ग्रिनिचला मध्यरात्र तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेपाच. म्हणूनच एखाद्या यंत्राची वेळ पार हरवली की ते आपल्याकडे १ जानेवारी १९७०, पहाटे साडेपाच दाखवतं. थोडक्यात, जग निर्माण झालं तेव्हा आमच्या चाळीत नळाला पाणी यायची वेळ होती.

माझा आक्षेप इथं आहे. १९७० च्या आधीही या शहरात माणसं राहत होती आणि त्यांच्याकडे घड्याळं होती. मुंबईची स्वतःची वेळ होती, ग्रिनिचच्या चार तास एक्कावन्न मिनिटं पुढं. १९०६ साली सरकारनं साडेपाचची प्रमाणवेळ आणली. रेल्वेनं मानली, तारखात्यानं मानली, पण मुंबईकरांनी काही मानली नाही. एकाच शहरात एकोणचाळीस मिनिटांच्या अंतरानं दोन वेळा नांदत होत्या, आणि 'बॉम्बे टाइम' स्वातंत्र्य मिळालं तेव्हाही जिवंत होता. आता कॉम्प्युटरला विचारा, १९४६ साली मुंबईत काय वाजलं होतं? तो बिनदिक्कत कोलकात्याच्या खात्यातून साडेपाचचा हिशेब काढून देतो.

तुम्ही म्हणाल, कुणाचं काय अडतंय? आमच्या वडिलांचं अडलं. ते १९४६ सालचे, गिरगावातले. आजोबांच्या डायरीत नोंद आहे: '७ मार्च, रात्री ११ वा. ४० मि., मुं. टा.' ऐंशीच्या शांतीसाठी पत्रिका काढायला बसलो, तर सॉफ्टवेअरमध्ये 'मुं. टा.' लिहायला जागाच नाही. गुरुजी म्हणाले, "एकोणचाळीस मिळवा." मिळवले, तर वाजले बारा एकोणीस आणि तारीख झाली ८ मार्च! शिवाय एकोणचाळीस मिनिटांत लग्न जवळजवळ दहा अंश सरकतं, म्हणजे राशीचा एक तृतीयांश. वडील शांतपणे म्हणाले, "अरे, माझ्या बापानं घड्याळ बघून लिहिलंय. तुझ्या मशीनला घड्याळ कळत नसेल तर त्याला मी काय करू?" या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही खटक्याखाली नाही.

यादी करणाऱ्यांना ज्योतिषाचं वावडं आहे म्हणावं, तर तसंही नाही. २०११ साली अमेरिकेतल्या ज्योतिषाच्या सॉफ्टवेअरच्या एका कंपनीनंच ओल्सन आणि एगर्ट यांच्यावर दावा ठोकला. म्हणणं असं, की जुन्या काळच्या वेळा तुम्ही आमच्या हक्काच्या ग्रंथांतून उचलल्या. यादीचा सर्व्हर काही दिवस बंद पडला. अखेर इंटरनेटचा कारभार पाहणाऱ्या संस्थेनं यादी दत्तक घेतली आणि २०१२ च्या सुरुवातीला कंपनीनं दावा मागं घेतला. साऱ्या जगाच्या घड्याळांना साडेसाती लागली, तीही ज्योतिषांकडूनच!

तेव्हा अभिप्राय असा. ग्रंथ परिश्रमपूर्वक सिद्ध केला आहे, संग्राह्य आहे, परंतु नोंद अपुरी आहे. लेजरमध्ये चुकलेला किंवा बदललेला आकडा खरवडून काढायचा नसतो. त्यावर रेघ मारायची, नवा आकडा लिहायचा आणि बाजूला सही करायची. खालचा जुना आकडा वाचता आलाच पाहिजे. तो कुणाच्या तरी घामाचा असतो. मुंबईची वेळ रद्द झाली, हे कबूल. पण तिच्यावर रेघसुद्धा दिसू नये? दहा वर्षं कुणी हात न लावलेल्या खात्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होते, बुडत नाही. वारसानं कागद दाखवला की परत मिळते. आमच्याकडे आजोबांची डायरी आहे. एकोणचाळीस मिनिटं येणे आहेत.