बालकाभोवतीची दोरी : एका प्रतिमेचे पुनर्वाचन

मराठी वाङ्मयात बालकाच्या सान्निध्यात येणारी दोरी बहुधा कोणाच्या तरी हातात असते. पाळण्याची दोरी मातेच्या हाती. भागवताच्या दशम स्कंधातील दामोदरकथेत कृष्णाला उखळाशी बांधू पाहणारी दोरी यशोदेच्या हाती. आणि ती दर वेळी दोन बोटे अपुरी पडते. पतंगाची दोरी तर मुलाने स्वतःच धरलेली असते. ‘सूत्रधार’ या शब्दातही सूत्र धरणारा कोणी आहे हे गृहीत आहे. शतकानुशतकांच्या या संस्कारामुळे ‘दोरी’ हा शब्द मराठी मनात वात्सल्याचा व विश्वासाचा अर्थ घेऊनच उमटतो. भाषेच्या अभ्यासकाने याची दखल घ्यावी याचे कारण असे, की घरात आता एक अशी दोरी आली आहे जी कोणाच्याही हातात नाही.

पट्ट्यांच्या वा गुंडाळीच्या ज्या पडद्यास आपण ब्लाइंड म्हणतो, त्याची दोरी किंवा मण्यांची साखळी खिडकीशेजारी नुसती लोंबत असते. रांगत्या किंवा नुकत्याच उभ्या राहू लागलेल्या मुलाची मान तिच्या वेढ्यात अडकली, तर मूल स्वतःच्या भारानेच फास आवळते. मानेतील रक्तप्रवाह रोखला जाऊन काही सेकंदांतच शुद्ध हरपते. मृत्यूस काही मिनिटे पुरतात. हे सारे मुकाट्याने घडते. शेजारच्या खोलीतील आईला ऐकू यावे असे काही नसतेच. अमेरिकेतील ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षा आयोगाने दिलेल्या आकड्यांनुसार त्या देशात 5 वर्षांपर्यंतची सरासरी 9 मुले दर वर्षी अशा रीतीने दगावतात.

येथे वेदान्तातील रज्जुसर्पाच्या दृष्टान्ताची आठवण अपरिहार्य होते. गौडपादांच्या कारिकांपासून ज्ञानेश्वरांपर्यंत तो सर्वांना परिचित आहे : अंधारात दोरीवर सर्पाचा भास होतो, दिवा येताच भय ओसरते. पडद्याच्या दोरीच्या बाबतीत क्रम नेमका उलटा आहे. लख्ख उजेडात ती दोरीच दिसते, आणि ज्ञान होते तेव्हा तिच्यातील सर्प प्रकट होतो. आपल्या परंपरेने मिथ्या भयाचे निरसन करणारे दृष्टान्त विपुल दिले. मिथ्या निर्भयतेचे निरसन करणारा दृष्टान्त मात्र तितका सहज हाती लागत नाही.

ही उणीव इशाऱ्यांच्या गद्यात स्पष्ट जाणवते. ‘मुलांच्या आवाक्याबाहेर ठेवावे’ हे वाक्य औषधांच्या संदर्भात रुळलेले आहे. बाटली उचलून फळीवर ठेवता येते, म्हणून तेथे ते सार्थ ठरते. खिडकीला जखडलेली दोरी कोठे ठेवणार? ‘मुलांवर लक्ष ठेवावे’ हे दुसरे वाक्य तर सगळा भार आईच्या डोळ्यांवर टाकून मोकळे होते. जे नि:शब्द आणि मिनिटांत घडते ते नजरेने रोखता येईल हा विश्वास पाळण्याच्या दोरीपासून उसना घेतलेला आहे. अशा वाक्यांत कर्ता चुकलेला असतो : दोष वस्तूच्या रचनेत, आणि क्रियापद मातेच्या माथी.

याउलट कॅनडाचे 2022 साली अंमलात आलेले नियम वस्तूलाच बोलते करतात : हाती येऊ शकणारी दोरी 22 सेंटिमीटरहून लांब नसावी, वेढ्याचा परीघ 44 सेंटिमीटरहून अधिक नसावा. रूक्ष वाक्ये, पण मुलाच्या मानेचे माप त्यांत आहे. मराठीत याच तोडीचे गद्य लिहिणे अवघड नाही. पाळणा, पलंग, खुर्ची खिडकीपाशी मांडू नये. साखळी भिंतीवरील पकडीत ताणून बसवावी. दोरीचे टोक जमिनीपासून दीड मीटरच्या वर खुंटीला गुंडाळावे. मूल असलेल्या घरात बिनदोरीचाच पडदा घ्यावा. पट्ट्यांमधून ओवलेली आतली दोरीही ओढून तिचा वेढा होतो, हे तर हमखास विसरले जाते.

जुनी दोरी सर्वस्वी निष्पाप होती असे मात्र समजू नये. वसई तालुक्यातील चांदीपसारख्या गावी, जेथे विरारची वाढती वस्ती शेतीच्या जवळ येऊन ठेपली आहे, एकाच कुटुंबात आजीच्या घरी साडीची झोळी आणि नातवाच्या सदनिकेत ब्लाइंड असणे सहज संभवते. झोळीच्या कापडात किंवा दोरीत मान अडकल्याच्या घटना भारतीय वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. चुलीपाशी बसून लांब दोरीने पाळणा हलवणारी आई मायेची मूर्ती खरीच, परंतु ती क्षणभर उठून विहिरीवर गेली की त्या दोरीलाही धनी उरत नसे. पाळणागीत आई परतल्यावर पुन्हा सुरू होते. मधल्या त्या वेळाविषयी ते गप्प आहे.