‘उदयोन्मुख’ कोणासाठी? : चांदीपुरा विषाणूविषयक संशोधनाची चिकित्सा

प्रस्तावना : सार्वजनिक आरोग्याच्या परिभाषेत ‘उदयोन्मुख संसर्गजन्य रोग’ ही संज्ञा आता रूढ झाली आहे. ही संज्ञा रोगाचे वय सांगते की संशोधकांच्या दुर्लक्षाचे, हा प्रश्न प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील एका गावाचे नाव धारण करणाऱ्या विषाणूच्या आधारे उपस्थित केला आहे.

विवेचन : १९६५ मध्ये नागपूरनजीकच्या चांदीपुरा येथील तापाच्या रुग्णांच्या रक्तातून पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने (आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) हा विषाणू प्रथम वेगळा केला. मेंदूविकाराच्या रुग्णाच्या रक्तात तो आढळल्याचे १९८३ मध्ये प्रसिद्धही झाले. तरीही व्यापक लक्ष वेधले गेले ते २००३ मध्ये. त्या वर्षी आंध्र प्रदेशातील उद्रेकात ३२९ बालके आजारी पडली, १८३ दगावली. म्हणजेच शोध आणि दखल यांत ३८ वर्षांचे अंतर पडले.

या संशोधनाचे श्रेय नाकारता येणार नाही. २००३ मध्ये कारक विषाणूची ओळख त्वरेने पटविण्यात आली. पुढे उंदरांवर लसविषयक प्रयोगही झाले. तथापि मान्यताप्राप्त लस वा विशिष्ट औषध आजही नाही. २००७ मध्ये नागपूर विभागाने पुन्हा हा उद्रेक अनुभवला. २०२४ च्या जून ते १५ ऑगस्ट या काळात, प्रामुख्याने गुजरातेत, तीव्र मेंदूज्वराचे २४५ रुग्ण नोंदले गेले. पैकी ८२ मृत्यू पावले आणि ६४ जणांतच चांदीपुरा निश्चित झाला. संशोधन उद्रेकामागून धावते आणि उद्रेक ओसरताच मंदावते, असे या क्रमावरून दिसते.

दुसरी उणीव दृष्टिकोनाची आहे. या विषाणूचा प्रसार मुख्यत्वे वाळूमाशीमार्फत होतो. ही माशी मातीच्या भिंतींच्या भेगांत, गोठ्यालगतच्या ओलाव्यात वाढते. अर्थात रोगाचे मूळ प्रयोगशाळेइतकेच घराच्या रचनेत आहे. २००३ मध्ये बहुतांश मृत्यू रुग्णालयात दाखल झाल्यापासून २४ तासांच्या आत झाले. म्हणून ताप चढल्यापासून दवाखान्याच्या दारापर्यंतचे तास निर्णायक ठरतात. ‘ताप डोक्यात गेला’ असे आपल्याकडे म्हणतात. त्या एका वाक्यात आईचे निरीक्षण असते, परंतु रुग्णपत्रिकेत त्यासाठी रकाना नसतो.

समारोप : उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, चांदीपुरा हा रोग नवा नाही, त्याच्याकडे पाहणे मात्र दर वेळी नव्याने सुरू होते. घर, स्थलांतर, भाषा आणि दवाखान्याचे अंतर यांचा अभ्यास विषाणूशास्त्रज्ञ एकटे करू शकत नाहीत. तो समाजशास्त्र, भूगोल, संख्याशास्त्र आणि भाषा यांच्या अध्यापकांचाही विषय आहे. एकीकडे आदिवासी वाड्या आणि दुसरीकडे बांधकाम मजुरांच्या वस्त्या असलेल्या पनवेल परिसरातील महाविद्यालयांना अशा सर्वेक्षणासाठी दूर जावे लागणार नाही. ते उद्रेकापूर्वी व्हावे, एवढीच अपेक्षा.