काजळलेल्या चेहऱ्यामागचे घर

बिल ब्रँट या छायाचित्रकाराने १९३७ साली इंग्लंडच्या नॉर्थम्बरलंड परगण्यात एका खाणकामगाराचे जेवण टिपले. पाळी संपवून आलेला माणूस टेबलाशी बसला आहे. तोंड अजून कोळशाने काळे आहे. शेजारी बायको आहे आणि वर दोरीवर धुतलेले कपडे वाळत आहेत. कोळसाखाणींच्या जुन्या छायाचित्रांचा विषय निघाला की हे चित्र हटकून समोर येते. बघणारा त्या काळ्या तोंडाकडे बघतो, हळहळतो आणि पान उलटतो.

पण या माणसाने जेवणाआधी तोंड का धुतले नाही, असा प्रश्न मनात आला की चित्र वेगळे दिसू लागते. ब्रिटनमध्ये खाणीच्या तोंडाशीच स्नानगृहे बांधण्यासाठी १९२६ च्या कायद्याने निधीची सोय झाली होती. तरीही १९३७ मध्ये कित्येक खाणींवर ती नव्हती. कामगार अंगावरचा कोळसा घेऊनच घरी येई. मग घरातल्या बाईने पाणी तापवायचे, चुलीपुढे पत्र्याचे टब मांडायचे, नवऱ्याची पाठ घासायची, कपडे झटकायचे आणि धुवायचे. घरातले बाप-लेक वेगवेगळ्या पाळ्यांना जात असतील, तर हे दिवसातून दोनतीनदा. त्याच दौऱ्यात ब्रँटने डरॅममधल्या चेस्टर-ली-स्ट्रीट गावी नवऱ्याला अंघोळ घालणारी बाईही टिपली आहे. ही दोन चित्रे शेजारी ठेवली की कळते, पहिल्या चित्रात वाळणारे कपडे ही त्या बाईची पाळी आहे, आणि ती संपलेली नाही.

कोळसा वस्त्यांच्या छायाचित्रणाला आता दीडशे वर्षे होऊन गेली. या कलेने काळा चेहरा भरभरून दाखवला. त्या चेहऱ्यामागचे घर तिला फार उशिरा दिसले. जिथे ते दिसले तिथे ही कला खरोखर मोठी झाली, असे माझे मत आहे.

सुरुवातीच्या मर्यादेला तांत्रिक कारण होते. खाणीत मिथेन साचतो, एका ठिणगीने स्फोट होतो. त्यामुळे उघडी ज्योत आणि मॅग्नेशियमची भुकटी पेटवून केलेला लखलखाट दोन्ही जीवघेणे. सुरक्षा-दिव्याचा उजेड माणसाला वाट दाखवण्यापुरता, काचेवर प्रतिमा उमटवण्याइतका नव्हे. म्हणून जुन्या संग्रहांत खाणीच्या पोटातली चित्रे थोडी, आणि जी आहेत त्यांत माणसे बहुधा खांबासारखी स्तब्ध उभी केलेली. काम थांबवल्याशिवाय कामाचे चित्र निघत नव्हते. पहिल्या महायुद्धाआधीच्या काही वर्षांत नॉटिंगहॅमशरमधल्या ईस्टवुड गावाचे धर्मगुरू कॉब कॅमेरा घेऊन जवळच्या ब्रिन्सली खाणीत उतरले. कादंबरीकार डी. एच. लॉरेन्सचे वडील याच खाणीत कामाला होते. कॉब यांच्या चित्रांत आज बघणाऱ्याला खिळवते ती छताची उंची, लाकडी टेकू आणि माणसाला किती वाकावे लागते ते. तिथली धूळ, आवाज आणि घाम त्यांच्या काचेवर उतरणे शक्यच नव्हते.

जमिनीवर उजेड होता, म्हणून कॅमेरा आधी जमिनीवरच्या बायकांकडे वळला. ब्रिटनमध्ये १८४२ च्या कायद्याने बायकांना, मुलींना आणि दहा वर्षांखालच्या मुलग्यांना खाणीत उतरण्याची बंदी केली. लँकेशरमधल्या विगन परिसरात बायका खाणीच्या तोंडाशी कोळसा निवडण्याचे आणि चाळण्याचे काम करत राहिल्या. कामाच्या सोयीसाठी त्या विजार घालत, आणि शहरी लोकांना त्याचे भारी नवल. विगनच्या स्टुडिओंनी या बायकांना रंगवलेल्या पडद्यापुढे फावडे-चाळणी देऊन उभे केले आणि ती लहान चित्रे विकली. आर्थर मन्बी या लंडनच्या गृहस्थाने ती जमवली, बायकांशी बोलून टिपणेही ठेवली. हा संग्रह केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात आहे. पडद्यापुढच्या या बायका नुसत्या नवलाच्या वस्तू वाटतात. पण १८८७ साली त्यांचे हेही काम बंद करण्याचा घाट घातला गेला, तेव्हा विगनच्या बायका कामाच्या कपड्यांनिशी लंडनला गेल्या, गृहमंत्र्यांपुढे उभ्या राहिल्या आणि त्यांचे काम टिकले. हे ठाऊक असले की स्टुडिओतली तीच बाई फावड्यावर हात ठेवून किती ठामपणे उभी आहे, ते दिसते.

चित्राला शब्दांची जोड लागते हे नेमके ओळखले ते अमेरिकेच्या लुईस हाइनने. राष्ट्रीय बालमजुरी समितीसाठी तो १९०८ पासून देशभर हिंडत होता. जानेवारी १९११ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या साउथ पिट्स्टनला त्याने कोळशातून दगड वेचणारी मुले टिपली. घसरगुंडीसारख्या पन्हाळीतून कोळसा वाहतो आहे, मुले ओळीने वाकून बसली आहेत, हवेत धूळ भरली आहे. हाइन मुलांची नावे, वये, कामाची जागा लिहून घेई. उंची मोजायला त्याच्या जाकिटाची बटणे कामी येत. मालकांनी ‘ही मुले मोठी आहेत’ म्हटले तर समोर ठेवायला त्याच्याकडे चित्र होते आणि चित्राखाली मजकूर होता. बालमजुरीवर टिकाऊ निर्बंध घालणारा संघराज्याचा कायदा १९३८ मध्ये झाला. हाइन १९४० मध्ये दारिद्र्यात वारला. त्याच्या चित्रांतले सौंदर्य पुराव्याच्या पोटातून आले आहे, आणि म्हणूनच ते शिळे होत नाही.

घर हाच विषय घेऊन झालेले मोठे काम रसेल ली याचे. १९४६ मध्ये अमेरिकेतल्या कोळसा कामगारांचा संप झाला, सरकारने खाणी ताब्यात घेतल्या, आणि समझोत्यात कामगारांच्या आरोग्याची व घरांची पाहणी करण्याचे ठरले. त्या पाहणीसाठी लीने हजारो चित्रे काढली. विहीर आणि संडास यांच्यात किती अंतर आहे, नळ कुणाच्या दारात आहे, कंपनीच्या दुकानात काय मिळते, मुले कुठे खेळतात, रविवारी चर्चमध्ये कोण गाते, हे सगळे त्याने पाहिले. त्याच्या चित्रांतली माणसे दीनवाणी नाहीत. ती पत्ते खेळतात, स्वयंपाक करतात, हसतात, आणि त्याच चौकटीत मागे गळके छप्परही असते. अहवाल १९४७ मध्ये निघाला. सरकारी पाहणीसाठी काढलेली चित्रे इतकी जिव्हाळ्याची असू शकतात, याचे दुसरे उदाहरण मला सहज आठवत नाही.

ब्रँट, यूजीन स्मिथ, रॉबर्ट फ्रँक ही या प्रांतातली मोठी नावे, आणि तिघेही पाहुणे. स्मिथ १९५० मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकासाठी ब्रिटनच्या निवडणुकीच्या निमित्ताने वेल्समध्ये गेला आणि तीन पिढ्यांच्या तीन खाणकामगारांचे चित्र घेऊन आला. तीन चेहरे, मागे चढावर घरांच्या रांगा. रचना निर्दोष आहे, इतकी की माणसे स्मारकाचे दगड होतात. फ्रँक १९५३ मध्ये काएराउ गावी एका खाणकामगाराच्या कुटुंबाजवळ राहिला. त्याच्या चित्रांत चहा, थकवा, रस्त्यावरचे धुके आहे. तो स्मिथइतका भव्य नाही, पण माणसाच्या जास्त जवळ आहे. दोघांमधला हा फरक मला मुक्कामाचा वाटतो.

मुक्काम काय करतो, हे ख्रिस किलिपने दाखवले. नॉर्थम्बरलंडमधल्या लाइनमथच्या किनाऱ्यावर खाणीचा कचरा समुद्रात टाकला जाई, लाटा त्यातला कोळसा परत आणून टाकत आणि लोक घोडागाड्या पाण्यात घालून तो वेचत. किलिप १९७६ मध्ये तिथे गेला तेव्हा लोकांनी त्याला हुसकावले. पुन्हा पुन्हा जाऊन १९८२ मध्ये त्याला जागा मिळाली आणि पुढे तो त्यांच्यातच कॅराव्हॅनमध्ये राहिला. त्या चित्रांत घोडा, लाट, पोर आणि फाटका कोट यांना सारखेच वजन आहे. फारसे कुणी कॅमेऱ्याकडे बघत नाही, कारण कॅमेऱ्याची सवय झाली आहे.

ब्रिटनच्या खाणकामगारांच्या मार्च १९८४ ते मार्च १९८५ या वर्षभराच्या संपात छायाचित्रकारांची रीघ लागली. १८ जून १९८४ ला ऑरग्रीव्ह येथे घोडेस्वार पोलीस एका स्त्रीवर दंडुका उगारतो आहे, हे जॉन हॅरिसचे चित्र संपाची खूण ठरले. त्याची ताकद नाकारता येणार नाही. तरी मी कीथ पॅटिसनच्या कामाला वरचे स्थान देतो. तो ईझिंग्टन गावात महिनोन्‌महिने राहिला. त्यामुळे पोलिसांच्या रांगांबरोबर बायकांनी चालवलेली सामुदायिक स्वयंपाकघरे आणि रिकाम्या गल्ल्याही त्याच्या संग्रहात आल्या. संप टिकला तो त्या स्वयंपाकघरांमुळे.

ईझिंग्टनची खाण १९९३ मध्ये बंद झाली. न्यूकॅसलच्या अँबर या छायाचित्रकार-चित्रपटकारांच्या गटातली, मूळची फिनलंडची सिर्का-लिसा कॉन्टिनेन पुढे डरॅमच्या किनाऱ्यावर गेली आणि खाणकचऱ्याने माखलेल्या वाळूची रंगीत चित्रे घेऊन आली: गंजलेले लोखंड, पट्ट्यांचे तुकडे, बूट. माणूस जवळपास नाहीच. काळ्या-पांढऱ्याची सवय झालेल्या डोळ्यांना इथला गंजाचा नारिंगी रंग धक्का देतो. गेलेल्या उद्योगाचे इतके अबोल आणि अचूक चित्रण क्वचितच झाले असेल.

ब्रिटन आणि अमेरिकेबाहेरची दोन नावे घेतलीच पाहिजेत. जपानच्या केन डोमोनने खाणी बंद पडून भुकेला लागलेल्या चिकुहो भागातल्या मुलांचे पुस्तक १९६० मध्ये साध्या कागदावर छापून शंभर येनला विकले. ज्यांची चित्रे, त्यांच्यासारख्यांनाही ते घेता यावे हा त्यामागचा विचार होता. सेबास्तियाओ साल्गादोने १९८९ मध्ये आपल्या धनबादला जे टिपले ते मोठमोठ्या दालनांत टांगले गेले. काळ्या अंगावर चमकणारा उजेड, शिल्पासारखे चेहरे. त्याची नजर आदराची आहे, यात शंका नाही. पण त्या माणसांची नावे काय, ती राहतात कुठे, संध्याकाळी जेवतात काय? हाइनने १९११ मध्ये विचारले तसे प्रश्न इथे कुणी विचारलेले दिसत नाहीत.

आज या कलेची स्थिती काय? ब्रिटनमधली शेवटची खोल कोळसाखाण, केलिंग्ली, १८ डिसेंबर २०१५ रोजी बंद झाली. चित्रे उरली आहेत आणि त्यांना मागणीही आहे. उपाहारगृहांच्या भिंतींवर, दिनदर्शिकांवर, भेटवस्तूंवर काळे चेहरे झळकतात, नाव-गाव पुसून. अँबर गटाचे काम २०११ मध्ये युनेस्कोच्या ‘जागतिक स्मृती’ उपक्रमाच्या ब्रिटिश यादीत गेले, आणि त्याच गटाच्या १९७७ पासून चाललेल्या ‘साइड’ कलादालनाची दारे २०२३ मध्ये अनुदान तुटल्यावर बंद झाली. मान मिळाला, पण दालन चालवायला पैसा मिळाला नाही. त्यामानाने डरॅममधल्या बीमिश येथील संग्रहालयाने ठेवलेला दंडक मोलाचा वाटतो. संस्थापक फ्रँक अ‍ॅटकिन्सन यांनी लोक देतील ते घ्यायचे ठरवले आणि घराघरांतले फोटो तिथे जमा झाले. लग्नाचे, बँडपथकाचे, परसातल्या कबुतरांचे हे फोटो कुठल्याही नामवंताने काढलेले नाहीत. मात्र वस्तीने स्वतःला कसे पाहिले, हे फक्त त्यांच्यातच आहे.

आता आपल्या घराकडे. वरोऱ्याची सरकारी कोळसाखाण १९०६ मध्ये बंद झाली. पुढे चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुस, वणी, उमरेड इथे खाणींनी गावे घडवली. १९७३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर १९७५ मध्ये नागपूरला वेस्टर्न कोलफील्ड्स लिमिटेड (वेकोलि) ही सरकारी कंपनी आली. मराठी, तेलुगू, हिंदी, छत्तीसगढी बोलणारी माणसे कॉलरीच्या चाळींत एकत्र नांदली. या जगाचे अल्बम घरोघरी आहेत: कॅप लॅम्प लावलेले वडील, सुरक्षा सप्ताहातले बक्षीस, निवृत्तीच्या दिवशीचा हार, क्वार्टरच्या अंगणातली आई. भूमिगत खाणी एकेक करून मिटत आहेत आणि फोटो पिवळे पडत आहेत.

यासाठी मोठ्या छायाचित्रकाराची वाट बघायची गरज नाही. विदर्भातल्या एखाद्या महाविद्यालयाने, वाचनालयाने किंवा कामगार संघटनेने हे फोटो मागून घ्यावेत, त्यांची नक्कल ठेवावी आणि मूळ परत करावेत. वाचकांपैकी कुणाच्या घरी असा फोटो असेल, तर त्याने आईला किंवा काकांना जवळ बसवून विचारावे आणि मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहावे: कोण, कुठली कॉलरी, कोणती पाळी, कोणते साल. शेजारी उभ्या असलेल्या बाईचेही नाव लिहावे.