कालप्रवासी अतिमानव आणि 'रामदास'

१७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली. ६०० हून अधिक प्रवासी मृत्यू पावले. कालप्रवासी अतिमानवाच्या मालिकांतील 'एक क्षण बदलला की अनर्थ टळतो' हा कथनसंकेत या घटनेच्या संदर्भात तपासून पाहण्याजोगा आहे.

'द फ्लॅश' (२०१४–२०२३) या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेत बॅरी ॲलन भूतकाळात जाऊन आईची हत्या रोखतो. परंतु बदललेल्या जगात नवे अनर्थ उद्भवल्याने ती पुन्हा घडू देतो. येथे शोकाचे कारण एकाच खलनायकात मूर्त झालेले असते, म्हणूनच ते पुसता येते. 'रामदास'च्या बाबतीत वादळ, लाटा, एका बाजूस लोटलेली गर्दी यांपैकी कोणता क्षण बदलायचा? हा संकेत कार्यकारणभावाचे सुलभीकरण करतो, असे म्हणावे लागते.

मात्र पहिल्या पर्वाच्या अखेरीस (२०१५) बॅरी हत्या न रोखता मरणोन्मुख आईजवळ बसतो. त्या प्रसंगी त्याचे सामर्थ्य निरुपयोगी ठरते आणि अतिमानव केवळ साक्षी उरतो. मालिकेतील खरा वाङ्मयीन क्षण हाच होय. रेवसच्या बंदरावर ज्यांची वाट पाहिली गेली, त्यांच्या कथेलाही तारणहार नको आहे. असा साक्षी हवा आहे.