उंट, सुईचे नेढे आणि हौशी भाष्यकार

धर्मग्रंथातील कठीण वचनांचा अर्थ लावण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. पश्चिमेकडे त्याला निराळे वळण लागले ते सोळाव्या शतकात. बायबल लोकभाषांतून छापले जाऊन घरोघर गेले आणि ग्रीक-हिब्रू न जाणणारा गृहस्थही त्यावर भाष्य करू लागला. ह्या हौशी भाष्यकाराची थट्टा करण्याचे कारण नाही. केडगावच्या पंडिता रमाबाई कोणत्याही धर्मपीठाच्या आचार्य नव्हत्या. तरीही हिब्रू व ग्रीक शिकून मूळ ग्रंथावरून बायबल मराठीत आणण्यात त्यांनी १९२२ मध्ये निधन होईपर्यंतची अखेरची वर्षे वेचली. हौसेला असे तप जोडले जाऊ शकते. परंतु सर्वसाधारण हौशी अभ्यासकास जो दोष हटकून जडतो तो अज्ञानाचा नव्हे, तर अडचण लवकर मिटविण्याच्या घाईचा होय, असे आमचे मत आहे. ते एका प्रसिद्ध स्थळावरून आम्ही स्पष्ट करू इच्छितो.

मत्तय, मार्क व लूक ह्या तिन्ही शुभवर्तमानांत एक प्रसंग आहे. एक श्रीमंत मनुष्य येशूकडे येऊन विचारतो की, शाश्वत जीवन मिळावे म्हणून मी काय करावे? सर्व आज्ञा त्याने पाळलेल्या असतात. येशू त्याला सर्वस्व विकून गरिबांना देण्यास सांगतो. तो खिन्न होऊन निघून जातो. तेव्हा येशू शिष्यांना म्हणतो की, धनिकाचा देवाच्या राज्यात प्रवेश होण्यापेक्षा उंटाने सुईच्या नेढ्यातून जाणे सोपे. वचनातील शब्द एकही अवघड नाही. अवघड आहे ते त्याचे म्हणणे. आणि म्हणूनच त्यावर पळवाटा फार निघाल्या.

पहिली पळवाट दाराची. यरुशलेमच्या तटाला ‘सुईचे नेढे’ नावाची एक ठेंगणी दिंडी होती. ओझे उतरून, गुडघे टेकून उंट तीतून जाऊ शके. तसाच श्रीमंतही नम्र झाला म्हणजे स्वर्गात जाईल, असे हे स्पष्टीकरण. प्रवचनांतून ते इतके रुळले आहे की पुष्कळांना ते इतिहासच वाटते. वस्तुतः पहिल्या शतकातील कोणत्याही लेखात अशा दिंडीचा पत्ता नाही. ही हकीकत मध्ययुगीन भाष्यांपासून पुढे भेटते. शिवाय ग्रंथातच तिच्याविरुद्ध पुरावा आहे. मार्क व मत्तय सुईसाठी ‘राफिस’ हा शब्द योजतात, लूक ‘बेलोने’ हा योजतो. छिद्रासाठी तर तिघांचे तीन शब्द आहेत. दिंडीचे ते विशेषनाम असते तर तिघांनी ते आपापल्या सोयीने बदलले नसते. शिवण्याच्या साध्या सुईविषयीच तिघे बोलत आहेत.

दुसरी पळवाट दोराची. ग्रीक भाषेत उंटाला ‘कामेलोस’ म्हणतात. एक अक्षर पालटून ‘कामिलोस’ केले की जाडा दोरखंड असा अर्थ निघतो. पाचव्या शतकातील अलेक्झांड्रियाच्या सिरिलने हा अर्थ धरला आणि काही थोड्या हस्तलिखितांतही तो पाठ सापडतो. त्या दोन स्वरांचा उच्चार पुढील काळी एकच झाला, तेव्हा असा गोंधळ होणे स्वाभाविक होते. तथापि जुन्या व प्रमाणभूत प्रतींत उंटच आहे. आणि दोरखंड तरी सुईत कोठे ओवला जातो? बाबिलोनी तालमुदात अशक्यतेसाठी सुईच्या नेढ्यातून जाणाऱ्या हत्तीचा दृष्टांत आहे, आणि कुराणाच्या सातव्या सूऱ्यात तर सुईच्या नेढ्यातून जाणारा उंटच आहे. प्रदेशातील मोठ्यात मोठा प्राणी आणि घरातील लहानात लहान छिद्र, असा हा पौरस्त्य बोलण्याचा थाट आहे.

आमच्या मीमांसकांनी तात्पर्यनिर्णयाची जी सहा लिंगे सांगितली, त्यांतील पहिले उपक्रमोपसंहार. ते येथे लावून पाहावे. उपक्रम आहे ‘मी काय करावे’ ह्या प्रश्नाचा. उपसंहारात शिष्य थक्क होऊन विचारतात की, असे असेल तर तारण कोणाचे होणार? आणि उत्तर मिळते की, मनुष्याला हे अशक्य आहे, देवाला मात्र सर्व शक्य आहे. दिंडीचा अर्थ घेतला तर शिष्यांचे थक्क होणे निरर्थक ठरते आणि ‘अशक्य’ हा शब्दही खोटा पडतो. गुडघे टेकणे कोणत्याही उंटाला शक्यच असते. वचन अतिशयोक्तीचे आहे हे आम्हांस मान्य आहे. परंतु अतिशयोक्ती म्हणून त्यातील डंख काढून टाकावा, असे होत नाही.

डंख काढण्याची ही इच्छा पुरातन आहे. मार्कच्या दहाव्या अध्यायात ह्या वचनाच्या अगोदर, देवाच्या राज्यात जाणे किती कठीण, असे एक सरळ वाक्य येते. चौथ्या शतकातील सिनाई व व्हॅटिकन ह्या दोन थोर हस्तलिखितांत ते तेवढेच आहे. इतर अनेक प्रतींत मात्र ‘धनावर भरवसा ठेवणाऱ्यांना’ अशा अर्थाचे शब्द त्यात अधिक आहेत, आणि १६११ च्या इंग्रजी भाषांतरातही ते आले. कोणा लेखकाला मूळ वाक्य सोसले नाही, असाच तर्क होतो. सुमारे इ. स. २०० मध्ये अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने ह्याच प्रसंगावर एक स्वतंत्र प्रबंध लिहिला. धन टाकावयाचे नसून धनाची आसक्ती टाकावयाची. सर्वांनीच धन टाकले तर भुकेल्याला अन्न कोण देणार, असा त्याचा युक्तिवाद आहे. तो पोकळ नाही. परंतु त्याच शतकात त्याच मिसर देशात अँटनी नावाच्या तरुणाने हाच प्रसंग मंदिरात ऐकला आणि वडिलार्जित जमीन गावकऱ्यांना देऊन टाकली. बाकीचे विकून, प्रथम बहिणीपुरते थोडे राखून, गरिबांत वाटले. एकाने वचनाचा अर्थ लावला, दुसऱ्याला वचन लागले.

मग कठीण वचन सौम्य करणे नेहमीच अप्रामाणिक काय? तसे नाही. लूकच्या चौदाव्या अध्यायात, जो आईबापांचा द्वेष करीत नाही त्याला शिष्य होता येणार नाही, असे वचन आहे. मत्तयाच्या दहाव्या अध्यायात त्याचेच रूप, आईबापांवर माझ्यापेक्षा अधिक प्रीती करू नये, असे आहे. उत्पत्तीच्या एकोणतिसाव्या अध्यायात लेआ ‘नावडती’ असल्याचे सांगताना द्वेषाचाच शब्द आला आहे, आणि तिथे अर्थ राहेलीपेक्षा कमी प्रिय एवढाच. येथे सौम्य अर्थ ग्रंथाच्या पोटातून येतो. उंटाच्या बाबतीत तो वाचकाच्या तिजोरीतून येतो, हा दोहोंतील भेद.

हौशी अभ्यासकाला ह्यावरून एक कसोटी मिळते. ग्रीक येत नसले तरी तीन शुभवर्तमाने शेजारी ठेवून वाचता येतात, दोन-तीन भाषांतरे ताडता येतात आणि कठीण वाक्याच्या मागचे-पुढचे वाचता येते. ह्यानंतर जो अर्थ हाती येईल तो आपल्याला सोयीचा असेल तर पुरावा दुप्पट मागावा. आमच्यासारख्या पेन्शन व विमा सांभाळून असणाऱ्या मध्यमवर्गीयांना हे वचन आपल्यासाठी नसून कोणा कोट्यधीशासाठी आहे असे वाटते. तीही एक दिंडीच. सर्वस्व विकण्याचे धैर्य आमच्यात नाही. परंतु जे जमत नाही ते ग्रंथात लिहिलेलेच नाही असे म्हणू नये, एवढी सचोटी तरी भाष्यकाराने पाळावी.