वाटी-चमच्याचे गद्य

दिवाळी आली की मराठी घरांत जे पुस्तक हमखास फडताळातून खाली उतरते, त्याचे परीक्षण वाङ्मयीन अंकांतून सहसा होत नाही. कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० साली प्रसिद्ध झाली. तिच्या खपाविषयी आणि लेखिकेला लाभलेल्या ‘लाख सुनांची सासू’ या बिरुदाविषयी आपण पुष्कळ ऐकले आहे. पण ती लिहिली कशी आहे?

सूचना देणारे लेखन म्हणजे वाङ्मय नव्हे, असा आपला एक समज आहे. कादंबरीकाराने दोन अर्थांचे वाक्य लिहिले तर रसिक मान डोलावतात. पाकक्रियेतल्या वाक्याचे दोन अर्थ निघाले तर अनारसा तुपात हसतो आणि घरची मंडळी करणारीला हसतात. तेव्हा परीक्षा कोणाची अधिक कडक, हे वाचकांनीच ठरवावे.

‘मीठ अंदाजाने’, ‘तिखट बेताचे’, ‘थोडा वेळ परतावे’ हे आपल्या स्वयंपाकघरातले जुने शब्द. ते खोटे नाहीत. पण ज्याला पदार्थ आधीच येतो त्यालाच ते कळतात. सासू शेजारी उभी असे तोवर हे खपून गेले. शहरात दोन खोल्यांत नवा संसार मांडणाऱ्या मुलीला ‘बेताचे’ म्हणजे किती, हे कोणी सांगावे? शेर-तोळ्यांचीही तीच गत. १९५८ पासून देशात मेट्रिक मापे येऊ लागली आणि जुने आकडे नव्या पिढीला परके झाले. घरात तागडी नव्हती. वाटी आणि चमचा मात्र होता. कमलाबाईंनी नेमके तेच हाती घेतले.

यातले मर्म प्रमाणात आहे. रवा आणि साखर एकाच वाटीने मोजली, तर वाटी लहान असो वा मोठी, दोहोंचे नाते बिघडत नाही. वाचकाच्या घरात जे आहे त्यावरूनच शिकवायला सुरुवात करावी, हे आम्हां शिक्षकांना प्रशिक्षणात सांगितले जाते. कमलाबाईंनी ते करून दाखवले.

मात्र गुणगानाबरोबर मर्यादाही सांगितली पाहिजे. वाटी आणि चमचा ही दोन स्वतंत्र मापे आहेत. एखाद्या घरची वाटी मोठी आणि चमचा नेहमीचाच असेल, तर पीठ वाढते, मीठ तेवढेच राहते आणि चकली अळणी होते. पीठ दाबून भरले की सैल, यानेही फरक पडतो. अमेरिकेत फॅनी फार्मर यांनी १८९६ सालच्या आपल्या पुस्तकात कप आणि चमचा काठाशी सपाट करून मोजण्याचा आग्रह धरला, तो याचसाठी. वाटीने सांगणाऱ्या प्रत्येकाने आपली वाटी किती मिलिलिटरची, हे पहिल्या पानावर लिहावे. आचेचा आणि पाकाचा प्रश्न तरीही उरतोच. तिथे ‘एकतारी’सारखा शब्दच कामाला येतो, कारण तो डोळ्यांना आणि बोटांना तपासता येतो. ‘अंदाजाने’ तपासता येत नाही.

डोनाल्ड नॉर्मन या अमेरिकन विद्वानांनी १९८८ साली रोजच्या वापरातील वस्तूंवर एक पुस्तक लिहिले. वस्तू वापरताना माणूस चुकला की तो स्वतःला दोष देतो, पण दोष पुष्कळदा त्या वस्तूच्या घडणीत असतो, हे त्यांचे प्रतिपादन. आपल्याकडे हा दोष पिढ्यान्‌पिढ्या एका वाक्यात दिला गेला: ‘हिच्या हाताला चवच नाही.’ किती मुलींनी ते मुकाट्याने ऐकले असेल! पदार्थ सांगणारीचे सांगणेच अपुरे होते, असे कोणी म्हटले नाही. ‘रुचिरा’ने ते न म्हणता सिद्ध केले.

आज पडद्यावर हात दिसतात, कढई दिसते, आणि सांगणारी बाई पुन्हा ‘मीठ अंदाजाने’ म्हणून पुढे जाते. म्हणून एक सुचवतो. यंदा घरातल्या आजीची एक कृती कागदावर उतरवा आणि ज्याने कधी झाराही धरला नाही अशा नातवाच्या हाती द्या. तो जिथे अडून विचारील, ‘आजी, म्हणजे किती?’, तिथे खूण करा. कागद सुधारायचा आहे तो तिथेच.