बुधा परत गेला, आपण जाऊन येतो

मागच्या जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर, काजवे बघायला राजमाचीला गेलो होतो. पुण्यातल्या एका ट्रेक ग्रुपला ऑनलाइन पैसे भरले आणि लोणावळ्याहून रात्रभर चाललो. झाडांवर काजवे होते, त्याहून जास्त मोबाइलचे फ्लॅश. पहाटे चहा पिताना आमचा लीडर म्हणाला, "ही 'माचीवरला बुधा'ची माची. सगळं सोडून निसर्गात राहायला आलेला म्हातारा." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. पुस्तक मात्र वाचलेलं नव्हतं.

सोमवारी ऑफिसच्या बसमध्ये गो. नी. दांडेकरांची ती छोटी कादंबरी सुरू केली आणि दोन दिवसांत संपवली. तेव्हा कळलं की लीडरने पुस्तक चुकीचं सांगितलं होतं. चूक फक्त त्याची नाही. आपण ट्रेकवाले सगळेच बुधाला असं वाचतो. आयुष्यभराच्या थकव्यावर एक लांब वीकेंड काढणारा माणूस, असं.

बुधा निसर्ग 'बघायला' आलेला नाही. तो मुंबई सोडून आपल्या गावच्या डोंगरावर परत आलेला आहे. झाडं, पाखरं, जनावरं हे त्याचं गणगोत. गणगोताचे फोटो काढत नाहीत, त्यांच्या तब्येतीची काळजी करतात. दांडेकरांची खरी ताकद इथे दिसते. त्यांचं रान म्हणजे मागचा पडदा नाही. प्रत्येक झाडाला नाव आहे आणि प्रत्येक ऋतूला काम आहे. मी राजमाचीवर अठरा तास काढले. त्यातल्या एकाही झाडाचं नाव मला सांगता येत नाही. श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले तेवढे आठवतात, कारण लोकेशन टॅगमध्ये ते होते.

मग दांडेकरांविषयी वाचलं आणि आणखी एक गंमत लक्षात आली. सह्याद्रीचा हा वेडा माणूस सह्याद्रीतला नव्हताच. १९१६ साली त्यांचा जन्म विदर्भातल्या परतवाड्याला झाला. तेराव्या वर्षी घर सोडलं, गाडगेबाबांच्या सहवासात राहिले, नर्मदेची परिक्रमा केली आणि पुढे तळेगाव दाभाड्याला स्थिरावले. म्हणजे परत जाण्याची इतकी गोड गोष्ट लिहिणारा लेखक स्वतः आपल्या गावी परतला नाही. त्याने दुसऱ्याच डोंगराला आपलं गाव मानलं. मला वाटतं, बुधाच्या परतण्याला जी हुरहुर आहे ती इथून आली असावी.

आता माझी तक्रार सांगतो. मी लातूरचा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, तेव्हा मी बारावीची परीक्षा देऊन सीईटीचा अभ्यास करत होतो. पहिल्या फेरीत पाच लाख लिटर पाणी आलं. आमच्या गल्लीत त्या दिवसांत घागरींचा नंबर लावणं हे माझं काम होतं. अशा माणसाने बुधा वाचला की एक प्रश्न सुटत नाही: परत जायचं, पण पाण्याचं काय? राजमाचीच्या पोटाशी उदयसागर तलाव आहे, घाटावर पाऊस कोसळतो. त्यामुळे कादंबरीत परत जाणं ही मनाची गोष्ट होऊ शकते. मन झालं की माणूस गेला. आमच्याकडे मन झालं तरी आधी बोअर किती फुटांवर लागेल ते विचारावं लागतं. गावं ओस का पडतात, पोरं शहराकडे का जातात, या प्रश्नांना ही कादंबरी हळूच बाजूने वळसा घालते. तिथली गरिबी तिला जरा जास्तच सुंदर दिसते. हा तिचा दोष आहे आणि तिच्यावर प्रेम करूनही तो सांगायला हवा.

ट्रेकहून आल्यावर आजीला फोन केला. ती म्हणाली, "पैसे देऊन डोंगर चढायलास का रे?" मग आठवलं, माझा पहिला डोंगर राजमाची नव्हता. तो नांदेड जिल्ह्यातला माहूर होता. सागाच्या रानातून वर जाणारी एसटी, रेणुकामातेच्या पायऱ्या, मग दत्तशिखर, मग अनसूया. आजी अनवाणी, उपाशी, माझा हात धरून चढली होती. तिने त्याला कधी ट्रेक म्हटलं नाही. यात्रा म्हटलं. मराठीतलं बरंचसं डोंगर-लेखन सह्याद्रीच्या कड्यांभोवती फिरतं. आजीची ती चाल त्यात मला फारशी भेटत नाही. आणि तरी बुधा कुणासारखा वाटला, तर आजीसारखाच. दोघांनाही डोंगर 'सर' करायचा नसतो. त्याच्याकडे जायचं असतं.

म्हणून पुढच्या ट्रेकआधी ही कादंबरी वाचा, असं मी सांगेन. ती निसर्गावर प्रेम करायला शिकवते म्हणून नाही, ते रील्सही शिकवतात. ती आपल्याला एक अवघड प्रश्न विचारते म्हणून: तू इथे कुणाचा कोण लागतोस?

परवा बाबांचा फोन आला होता. विहीर अजून खोल करायची की रान विकायचं, असं विचारत होते. एरवी मी म्हणालो असतो, "तुम्ही ठरवा." या वेळी विचारलं, "बांधावरची झाडं कुठकुठली हैत?"

बाबा जरा थांबले. मग एकेक नाव सांगायला लागले. मी लिहून घेतली. विकायचं की नाही, ते अजून ठरलेलं नाही.